ग्रामपंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आलात? वॉर्डातल्या लोकांशी बोलायचं कसं आणि कामं मार्गी लावायची कशी

गुलाल अंगावरून उतरायच्या आत दाराशी पहिला माणूस उभा राहतो. माझ्याकडे आले ते वरच्या आळीतले एक काका. घरासमोरची गटार तुंबली होती. मी म्हटलं, "बघते काका." ते समाधानाने गेले. महिन्याने पुन्हा आले, मी पुन्हा "बघते" म्हटलं. तिसऱ्या खेपेला ते आले नाहीत, पण पारावर बोलले, "वहिनी नुसत्या बघतात." ते मला लागलं, कारण खरं होतं. गटार कोणी काढायची, पैसे कुठून येणार, कधी येणार, यातलं काहीच मला माहीत नव्हतं आणि ते मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

आमचं गाव अडीच हजार वस्तीचं. नऊ सदस्य, तीन वॉर्ड. (लोकसंख्येप्रमाणे सदस्यसंख्या ७ पासून १७ पर्यंत असते.) मी महिला राखीव जागेवरून आले आणि पाच वर्षं पुरी केली. त्या काळात चुकत चुकत जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे. सरपंचांसाठी शासनाची बरीच पुस्तकं आणि प्रशिक्षणं आहेत. साध्या सदस्याला मात्र कोणी काही सांगत नाही, आणि लोक आधी त्याच्याच दारात येतात.

१. आधी स्वतःचं पद सांभाळा

कंटाळवाणं वाटेल, पण इथे हलगर्जी केलेले सदस्य घरी गेलेले मी पाहिले आहेत. निकालानंतर ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब सादर करा आणि त्याची पोच घ्या. मागासवर्गीयांसाठी राखीव जागेवरून आला असाल तर जात वैधता प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत द्या. पडताळणी समितीकडे अर्ज पडून राहिला असेल तर लेखी पाठपुरावा करत राहा. घरपट्टी-पाणीपट्टीचं बिल आलं की तीन महिन्यांच्या आत भरा. घरच्या कोणाचं सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर ते आधी मोकळं करा. ग्रामपंचायतीच्या कामाचा ठेका स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावाआडून घेऊ नका. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभेला गैरहजर राहिलात तर सदस्यत्व जाऊ शकतं. हे सगळं महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये आहे. कलम १४, ३९ आणि ४० एकदा शांतपणे वाचा. मराठी प्रत तालुक्याच्या ठिकाणी पुस्तकांच्या दुकानात मिळते.

महिला सदस्यांना एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. सभेला स्वतः जा, सही स्वतः करा, फोन स्वतः घ्या. माझ्या यजमानांनी पहिल्याच आठवड्यात आलेल्या माणसांना सांगितलं, "सदस्य ती आहे, तिच्याशी बोला." त्या एका वाक्याने माझं निम्मं काम सोपं झालं. तुमच्या घरात ते कोणी म्हणत नसेल तर तुम्ही म्हणा. वॉर्डातल्या बायका शौचालयाचं, नळाचं, दारूच्या त्रासाचं तुमच्या नवऱ्याला सांगायला येणार नाहीत.

२. कोणतं काम कोणाचं, ते पाठ करा

लोकांच्या लेखी तुम्ही म्हणजे सरकार. त्यांचं चुकत नाही, पण तुम्हाला फरक माहीत हवा. नाहीतर माणूस तीन ठिकाणी हेलपाटे घालतो आणि मजुरीचे तीन दिवस बुडवतो.

ग्रामपंचायतीत होतं ते असं: जन्म-मृत्यूची नोंद आणि दाखले, विवाह नोंदणी, नमुना ८ चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला, निराधार असल्याचा दाखला. नळ, गटार, दिवाबत्ती, गावातले रस्ते आणि कचरा हीसुद्धा ग्रामपंचायतीचीच कामं. पूर्वीचे ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, ही त्यांची जबाबदारी.

सातबारा, फेरफार आणि वारसनोंद तलाठ्याकडे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, संजय गांधी निराधार योजना ही तहसीलची कामं. वीज महावितरणकडे, तक्रारीचा क्रमांक १९१२. रुग्णवाहिकेसाठी १०८.

दाखल्यांसाठी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लक्षात ठेवा. कोणता दाखला किती दिवसांत, किती शुल्कात आणि तो मिळाला नाही तर अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. तुमच्या कार्यालयात तो कपाटामागे गेला असेल तर पहिलं काम म्हणून दर्शनी भिंतीवर आणा. खर्च शून्य, आणि निम्मे वाद मिटतात.

इथे एक मोठा फास आहे. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. "वहिनी, आठ-अ ला नाव लावून द्या म्हणजे जागा माझी झाली," असं सांगत लोक येतात. (गावात नमुना ८ ला सर्रास आठ-अ म्हणतात, पण गाव नमुना ८-अ हा तलाठ्याकडचा खातेउतारा, तो वेगळा.) भावाभावांच्या वाटणीत तुम्ही तोंडी शब्द दिलात तर दोन्ही घरं कायमची तुटतात. "कागद आणा, अर्ज करा, मासिक सभेत येईल," एवढंच सांगा.

३. वही घाला

पारावरच्या त्या टोमण्यानंतर मी बाजारातून दोनशे पानी मोठी वही आणली आणि प्रत्येक पानावर सहा रकाने आखले: तारीख, नाव व घर, काम काय, काम कोणाकडे, पुढचा निरोप कधी, काय झालं. यातला पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. काम कधी होईल हे आपल्या हातात नसतं. निरोप कधी देणार हे असतं.

"बघते" हा शब्द मी सोडला. त्याऐवजी म्हणू लागले, "हे काम पंचायत समितीचं आहे, सोमवारी पत्र देते, पुढच्या शनिवारी तुम्हाला सांगते." शनिवारी काहीच हललेलं नसलं तरी मी जायचे आणि सांगायचे, "पत्र दिलंय, अजून उत्तर नाही." लोक रागावत नाहीत. काम न झाल्यापेक्षा कोणी विचारलं नाही, याचाच त्यांना जास्त राग असतो.

दर शनिवारी संध्याकाळी मी एक आळी फिरायचे. वेळ ठरलेली ठेवा. शेतावरची माणसं सातनंतर घरी येतात, दुपारी बाराला जाऊन कोणी भेटत नाही. आणि ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्या दारात आधी जा. मी जे पाहिलं ते सांगते: विरोधी गटाच्या घरात पहिल्या दोन खेपांना चहा मिळाला नाही, तिसऱ्या खेपेला त्या घरच्या आजींनी स्वतःहून उंबऱ्यावर पाट टाकला आणि दिव्याच्या खांबाची तक्रार सांगितली. तो खांब त्या महिन्यात लागला. तुम्ही अख्ख्या वॉर्डाचे सदस्य आहात हे लोकांना भाषणातून कळत नाही, अशा खांबातून कळतं.

४. तोंडी काही नको: अर्ज, आवक क्रमांक, पोच

कार्यालयात साहेबांना भेटून "सांगून आलो" याला काही अर्थ नाही. साहेब बदलतात. प्रत्येक मागणी लेखी द्या. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. एकदा मी हातपंप दुरुस्तीचं पत्र एका कार्यालयात घाईघाईने टेबलावर ठेवून आले. दोन महिन्यांनी उत्तर मिळालं, "असं पत्रच आलेलं नाही." उन्हाळ्याचे दोन महिने गेले आणि बायकांना डोक्यावरून पाणी वाहावं लागलं. तेव्हापासून पोच घेतल्याशिवाय मी खिडकीपासून हलले नाही.

अर्जात एकच विषय ठेवा. ठिकाण नेमकं लिहा: "वॉर्ड क्र. २, मारुती मंदिर ते शाळा, अंदाजे ८० मीटर गटार." शक्य तिथे त्या जागेचा फोटो जोडा आणि रहिवाशांच्या सह्या घ्या. पंधरा दिवसांनी त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र. ग्रामपंचायतीत काम होत नसेल तर विस्तार अधिकारी, मग गटविकास अधिकारी, अशी पायरी चढा. थेट आमदारांकडे जाण्याची घाई करू नका. ते पत्र फिरून शेवटी त्याच टेबलावर येतं, आणि मधला माणूस दुखावलेला असतो.

५. मासिक सभा आणि ग्रामसभा: तुमचा खरा आवाज इथे

मासिक सभेची नोटीस हातात आली की विषयपत्रिका वाचा आणि वॉर्डातल्या चार माणसांना विचारून घ्या. तुमचा विषय आधीच लेखी द्या, म्हणजे तो पत्रिकेवर येतो. "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" या ओळीवर डोळा ठेवा. खर्चाची मोठी मंजुरी तिथे घुसवली जात असेल तर विचारा: आधी का नाही आलं? अंदाजपत्रक कुठे आहे?

प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, मजकूर लिहून होईपर्यंत सही करू नका. मध्ये कोरी जागा सोडून सह्या घेतल्या जात असतील तर त्या जागेवर आडवी रेघ मारायला सांगा. तुमचा विरोध असेल तर "माझा विरोध नोंदवा" असं स्पष्ट म्हणा आणि नोंदला की नाही ते वाचून घ्या. सुरुवातीला मला हे भांडकुदळपणाचं वाटायचं. पुढे एका बिलाची चौकशी लागली, तेव्हा त्याच दोन ओळींनी मला वाचवलं.

ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. नोटीस सात दिवस आधी निघते. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. फास नेमका इथे आहे. पहिल्या दिवशी कोणी येत नाही, मग तहकूब सभेत मोजकी माणसं अख्ख्या गावाचे ठराव करून मोकळी होतात. शिपायाने घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेणं हाही तसलाच प्रकार. तुमच्या वॉर्डात तो होऊ देऊ नका.

माणसं आणायची कशी? नोटीस फळ्यावर लावून माणसं येत नाहीत. आदल्या संध्याकाळी मी घरोघर जाऊन विषय सांगायचे, पण त्या घराच्या कामाचा विषय: "उद्या तुमच्या आळीच्या नळाचं निघणार आहे, तुम्ही बोललात तर लिहिलं जाईल." ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू देऊ नका. आमच्याकडे पहिल्या महिला सभेला आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आम्ही दोघी सदस्य मिळून अकरा बायका होत्या. सगळ्या गप्प. मग मी सभा शाळेच्या खोलीतून हलवून बचतगटाच्या बैठकीला जोडली, त्यांच्याच वारी, त्यांच्याच ओसरीवर. तिथे पहिल्यांदा एक सूनबाई बोलली की सार्वजनिक शौचालयाला आतून कडी नाही. बारा जणींनी मान डोलावली. तो ठराव झाला. सूचक ती, अनुमोदक तिची जाऊ.

६. पैशाचं लोकांना उलगडून सांगा

"इतका निधी आला आणि गेला कुठे?" हा प्रश्न तुम्हाला येणारच. उत्तर तयार ठेवा. ग्रामपंचायतीकडे दोन वाटांनी पैसा येतो: स्वतःची वसुली आणि वरून येणारा निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित राहिला, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित. बंधित पैशातून सभामंडप होत नाही, हे मंडळाच्या पोरांना मी गणपतीच्या आधीच सांगून ठेवायचे. स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे आकडे वॉर्डातल्या त्या त्या माणसांना माहीत करून द्या. आमच्याकडे एका दिव्यांग मुलाच्या वडिलांना पाच टक्क्यांबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास सुरू होते. आराखड्यात नसलेलं काम वर्षभर रेटूनही होत नाही. म्हणून सप्टेंबरात वॉर्डात बसून तीन कामं ठरवा, तीनच, आणि क्रम लावून द्या. खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. वॉर्डातल्या कॉलेजच्या मुलामुलींना ते पाहायला शिकवा.

काम सुरू झालं की अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या आणि टेप घेऊन जागेवर जा. रस्त्याची जाडी ओतण्याआधी मोजायची असते, बिल निघाल्यावर नाही.

७. पाण्याला रोज हात लावा

मला एकच काम निवडायला सांगितलं तर मी पाणी निवडेन. टाकीत टीसीएल (क्लोरीनची जंतुनाशक) पावडर पडते की नाही हे कागदावरून कळत नाही, ओटी टेस्टवरून कळतं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीजवळच्या नळाचं पाणी पिवळं होणारच. तपासायचं ते शेवटच्या घरचं. तिथे क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं हवं.

आमच्या वॉर्डातलं शेवटचं घर ओढ्याकाठी होतं. पहिल्या दिवशी नळी तशीच पांढरी राहिली. चार बायका वाकून बघत होत्या. एकीने विचारलं, "म्हणजे आम्ही काय पितोय वहिनी?" मी खोटं बोलले नाही. तिथेच सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं, पाण्याची तपासणी बघणाऱ्या जलसुरक्षकाला बोलावलं, आणि मध्ये गटारीला लागून गेलेल्या पाइपची गळती सापडली. त्यानंतर दर शनिवारी त्याच घरी नळी तपासली, त्याच बायकांसमोर. पाण्याच्या उद्भवांच्या (विहिरी, बोअर) स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळालं, तेही विचारा आणि उघड सांगा.

८. निरोप पोचवायची साधनं

व्हॉट्सॲप गट काढा, पण फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असा ठेवा. नाहीतर पाण्याच्या वेळेचा निरोप वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली गाडला जातो आणि निवडणुकीची भांडणं तिथेच सुरू होतात. निरोप छोटा: काय, कुठे, कधी, कोणाला विचारायचं. मदत घेणाऱ्यांचे फोटो, आधारकार्ड, लाभार्थ्यांची नावं तिथे टाकू नका. ताटात वाढल्याचा फोटो काढलेला कोणाला आवडत नाही.

आणि फोन नसलेल्या माणसांना विसरू नका. त्यांच्यासाठी मंदिराचा स्पीकर, दवंडी, रेशन दुकानाबाहेरचा फळा आणि अंगणवाडी. पाणी येणार नसेल तर ते आदल्या रात्री सांगा, सकाळी हंडे रांगेत लागल्यावर नाही.

९. "नाही" म्हणायचं ते वेळेवर

घरकुल मी देते, असं कधीही म्हणू नका. नाव सर्वेक्षणाच्या यादीतून येतं आणि ग्रामसभेसमोर जातं. कोणी "सदस्याला द्यायचे" म्हणून पैसे गोळा करत असेल तर त्याच दिवशी गटावर आणि स्पीकरवर सांगा की यासाठी कोणालाही एक पैसा द्यायचा नाही.

निराधार योजनेचं मात्र मनापासून करा, कारण महिना १,५०० रुपयांवर एखाद्या बाईचं औषधपाणी चालतं. ६५ वर्षांच्या आतल्यांना संजय गांधी, पुढच्यांना श्रावणबाळ. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं, दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. साधारण लागणारे कागद:

- आधारकार्ड आणि रेशनकार्ड
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला
- वयाचा आणि रहिवासाचा पुरावा
- विधवा असल्यास पतीचा मृत्यू दाखला
- आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक
- फोटो

तहसीलला जायच्या आधी सगळे कागद ओट्यावर पसरून नावं जुळवून बघा. एका आजींच्या आधारवर "शांता" होतं आणि रेशनकार्डावर "शांताबाई". एवढ्यावरून अर्ज परत आला. त्या काठी टेकत दोनदा तालुक्याला गेल्या होत्या. आता मी आधी नावं बघते, मग एसटीची वेळ. पगार सुरू झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो महिना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि आधीच घरोघर आठवण करा.

निकषात बसत नसेल त्याला पहिल्याच भेटीत, एकट्याला बाजूला घेऊन, कारणासह सांगा. दहा हेलपाट्यांनंतरचं "नाही" माणूस आयुष्यभर विसरत नाही.

१०. पिशवी आणि शेवटची वही

माझ्या कापडी पिशवीत कायम असायचं: वही, अर्जांचे कोरे कागद, कार्बन, मीटर टेप, ओटी टेस्टची बाटली, चार्जर आणि शाईचं पॅड. अंगठा करणाऱ्या बायका अजून खूप आहेत आणि कार्यालयातलं पॅड वाळलेलं असतं.

मुदत संपली तेव्हा तीन वह्या भरल्या होत्या. वॉर्डात निवडून आलेला मुलगा समोरच्या गटाचा. मी त्याला घरी बोलावलं, चहा दिला आणि तिसरी वही पुढे ठेवली. सतरा कामं उघडी होती. त्या पानांचे कोपरे मी दुमडून ठेवले होते. प्रत्येकापुढे आवक क्रमांक होता, त्यामुळे त्याला एकही अर्ज पहिल्यापासून करावा लागला नाही. त्यातलं पहिलंच दुमडलेलं पान वरच्या आळीतल्या काकांच्या गटारीचं होतं: अर्धी झालेली, पुढचे ४० मीटर आराखड्यात मंजूर.